फॉर्मवर आम्ही फक्त ‘वात’ लिहिलं

आईची बोटं पांढरी पडतात हे आमच्या घरात कधी आजार म्हणून धरलंच नव्हतं. थंडीत नदीवर धुणं धुवून आली की तिची चार बोटं दोन पेरांपर्यंत खडूसारखी व्हायची. मग निळसर. चुलीपाशी बसली की लालबुंद. “मुंग्या आल्यात,” म्हणायची आणि भाकरी थापायला घ्यायची. कराडजवळ कृष्णाकाठी आमचं गाव आहे. डिसेंबरात सगळ्याच बायकांचे हात गारठतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

२०११ मध्ये तिच्या बोटांची कातडी ताठ झाली. मुठीत खुरपं धरवेना. घास छातीत अडकायला लागला. भाऊ पुण्यात नोकरीला, त्याने तिला तिकडे वाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा, असं सांगितलं. अंगातली संरक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या कातडीवर आणि बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते, असा हा आजार. आईचा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य होता. बोटं पांढरी पडतात त्याला रेनॉ म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. त्यांनी पित्ताची एक गोळी आणि निफेडिपिन नावाची दुसरी गोळी दिली. वर्षातून एकदा इको करायला सांगितला. दहा-अकरा वर्षं तेवढ्यावर बरी गेली. गावात कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, आईला वात आहे. एवढं मोठं नाव कोण घेणार?

२०२२ च्या जुलैत तिच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. कराडमध्येच ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी घरी आलो. दहा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला की रिपोर्ट घेऊन जा आणि सोबत कुणाला तरी आणा. तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडला. काढलेल्या पिशवीत कॅन्सर सापडला होता.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. यकृताचा थोडा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढल्या. एका गाठीत कॅन्सरच्या पेशी होत्या, म्हणून केमो द्यायचं ठरलं. जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन, अशी दोन औषधं. एकवीस दिवसांची एक सायकल, त्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाइन. अशा सहा सायकल.

आमची पहिली चूक इथे झाली. भरतीच्या वेळी एक फॉर्म होता. त्यात इतर आजारांचा रकाना होता, जेमतेम दोन ओळींचा. तो मी भरला. मी लिहिलं, ‘वात, दहा वर्षांपासून.’ पुण्याच्या डॉक्टरांची फाइल घरी कपाटात होती. ती सोबत घ्यायचं डोक्यातच आलं नाही. कॅन्सरपुढे ती बोटं काय, असं वाटत होतं. फॉर्म वाचणाऱ्यांना वात म्हणजे गुडघेदुखी वाटली असणार. साठीच्या बाईचे गुडघे दुखणारच.

दुसरी गोष्ट ऑपरेशननंतर घडली. आईचं बीपी नव्वद-साठवर आलं होतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी गोळ्यांची यादी बघितली आणि निफेडिपिनवर काट मारली. “बीपी कमी आहे, बीपीची गोळी बंद करा.” त्या दिवसापुरतं ते बरोबरच होतं. पण आईला बीपी कधीच नव्हतं. ती गोळी बोटांसाठी होती, बारीक रक्तवाहिन्या उघड्या राहाव्यात म्हणून. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी बोलले नाही. घरी गेल्यावर ती परत कधी सुरू करायची, हेही विचारलं नाही. ती बंदच राहिली.

पहिली सायकल ऑक्टोबरात झाली. आठव्या दिवसाची सलाइन दिवाळीच्या आठवडाभर आधी. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, पण त्याची तयारी होती. तिने अंथरुणातून चकलीच्या भाजणीचं प्रमाणही सांगितलं.

डे-केअरचा हॉल थंडगार असतो. पाच-सहा तास बसायचं, हात उघडा, त्यात सलाइन चालू. आईच्या हाताची कातडी ताठ, त्यामुळे शीर सापडायला वेळ लागायचा. दुसऱ्या सायकलच्या दिवशी सिस्टरने ऑक्सिजन बघायचं यंत्र तिच्या बोटाला लावलं. आकडाच येईना. दुसरं बोट लावलं, मग अंगठा, मग डावा हात. शेवटी कानाच्या पाळीला लावलं तेव्हा ९८ आले. “आजींची बोटं फारच गार आहेत हो,” सिस्टर म्हणाली. मी म्हणाले, “तिची नेहमीच असतात.” एका खुणेकडे बोट दाखवलं जात होतं आणि मी ते झटकून टाकलं. आज ते वाक्य आठवलं तरी मला कसंतरी होतं.

त्यानंतर पांढरेपणा लवकर जाईना. आधी दहा-पंधरा मिनिटांत रंग परत यायचा, आता तास-तास लागायला लागला. रात्री ती उठून बसायची. “लई ठणकतंय गं. सुई खुपसल्यागत हुतंय.” पुढच्या भेटीत मी सांगितलं की बोटांना झिणझिण्या येतात आणि दुखतात. सिस्प्लॅटिनने नसांना त्रास होतो, तसं होतंच, असं उत्तर मिळालं. नसांची गोळी आणि बी-ट्वेल्व्ह लिहून दिलं. डॉक्टरांची चूक मी म्हणणार नाही. समोर पन्नास पेशंट, आणि मी सांगितल्या त्या फक्त झिणझिण्या. रंग बदलतो हे सांगितलंच नाही. हात पुढे करून दाखवलेही नाहीत. आईचे हात शालीत होते.

घरी आम्ही जे जे केलं ते बहुतेक उलटं पडलं. शेजारच्या काकूंनी तेल कोमट करून जोरजोरात चोळलं. मी गरम पाण्याची पिशवी दिली. आईला चटका कळला नाही. सकाळी मधल्या बोटावर फोड होता. तो पुढे दीड महिना भरला नाही. मध्ये सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून नेहमीची सर्दीची गोळी आणून दिली. नाक मोकळं करणाऱ्या त्या गोळीत रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं, हे नंतर कळलं.

आणि मिश्री. हे लिहायला मला जड जातंय. आमच्याकडे बायका मिश्री लावतात आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. आई सकाळी उठली की पहिल्यांदा मिश्री. फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न होता. मी ‘नाही’ लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे, मला ती तंबाखू वाटलीच नाही. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातल्या निकोटिननेही बारीक वाहिन्या आवळतात.

तिसरी सायकल नोव्हेंबरच्या शेवटी झाली. थंडी पडली होती. आठव्या दिवसाच्या सलाइननंतर दोन दिवसांनी सकाळी आई मागच्या दारी तोंड धूत होती. तिने मला हाक मारली. उजव्या हाताची तर्जनी तिने माझ्यापुढे धरली. बोटाचं टोक जांभळं झालं होतं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसं. मी दाबून बघितलं. दाबलं की कातडी पांढरी होते आणि सोडलं की रंग भरतो, तसं इथे काहीच होत नव्हतं. मधल्या बोटाचंही टोक काळवंडायला लागलं होतं. आई म्हणाली, “हे काय आता जात न्हाई बघ.”

मी कॅन्सर हॉस्पिटलला फोन लावला. ओपीडी मंगळवारी, तेव्हा या, असं सांगितलं. तो शुक्रवार होता. तेव्हा कुठे मला कपाटातली फाइल आठवली. पुण्याच्या वाताच्या डॉक्टरांचा नंबर त्यात होता. दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो, आधी कोरोना आणि मग हे सगळं. संकोच वाटत होता, तरी मी बोटांचा फोटो पाठवला. वीस मिनिटांत त्यांचा फोन आला. पहिला प्रश्न, “कुठलं केमो चालू आहे?” दुसरा, “निफेडिपिन चालू आहे ना?” मग म्हणाले, “आजच निघा. पुढची सलाइन कुणी द्यायला लागलं तर माझ्याशी बोलल्याशिवाय घेऊ नका.”

संध्याकाळी सात वाजता आम्ही पुण्यात पोचलो. त्यांनी आईच्या नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब टाकला आणि छोट्या भिंगाच्या यंत्रातून बघितलं. मलाही बघू दिलं. निरोगी माणसाच्या नखाच्या मुळाशी केसांच्या चिमट्यांसारख्या बारीक वाहिन्या ओळीने उभ्या असतात, असं ते म्हणाले. त्यांनी आधी माझंच बोट भिंगाखाली धरून दाखवलं. सगळं अगदी रांगेत होतं. मग आईचं. दोन-चार वाहिन्या फुगून वाकड्या झालेल्या, आणि मधे नुसती मोकळी जागा. आई इतकी वर्षं ज्याला मुंग्या म्हणत होती ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

त्यांनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. या आजारात बारीक वाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच खराब झालेलं असतं. वाहिन्या अरुंद असतात आणि थंडीने पटकन आवळतात. जेमसिटाबिन त्या अस्तराला इजा करू शकतं, सिस्प्लॅटिननेही वाहिन्यांना त्रास होतो. शिवाय कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो. तिन्ही गोष्टी एका बोटात एकत्र आल्या. असं क्वचित होतं, पण असे पेशंट डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत. ब्लिओमायसिन नावाच्या केमोने तर आधी काहीच आजार नसलेल्या तरुण पोरांचीही बोटं पांढरी पडायला लागल्याचं जुनं ठाऊक आहे. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. स्क्लेरोडर्मा आहे म्हणून कुणी केमो नाकारू नये. अशा पुष्कळ पेशंटचं केमो सुरळीत पार पडतं. फक्त औषध निवडताना दोन्ही डॉक्टरांना दोन्ही आजार माहीत असले पाहिजेत.

रात्रीच भरती केलं. हाताच्या मोठ्या धमन्यांचा डॉपलर केला, त्या उघड्या होत्या. अडचण पुढे, बोटांत होती. रक्ताच्या तपासण्या झाल्या. प्लेटलेट, क्रिएटिनिन, एलडीएच, आणि काचेवर रक्त पसरून पेशी तुटल्यात का ते बघितलं. जेमसिटाबिनने कधी कधी सगळ्या अंगातल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि किडनी जाते, तसं काही नाही ना, हे बघायचं होतं. तसं नव्हतं. तो रिपोर्ट येईपर्यंत भाऊ आणि मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होतो. एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशीपासून रक्तवाहिन्या उघडणाऱ्या औषधाची सलाइन चालू झाली. ते इंजेक्शन बाहेरून आणावं लागलं. रोज सहा तास, पाच दिवस, अगदी सावकाश थेंब. दर अर्ध्या तासाला बीपी. वेग वाढवला की आईचं डोकं दुखायचं, चेहरा लाल व्हायचा, जबडा दुखायचा. मग वेग कमी करायचे. पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, अ‍ॅस्पिरिन, आणि बीपी बघत बघत निफेडिपिन परत. तिसऱ्या दिवशी रात्री ती सलग चार तास झोपली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

घरी सोडताना सिल्डेनाफिल लिहून दिलं, दिवसातून तीन वेळा. कराडच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर दुकानदाराने आधी चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे बघितलं. “हे कुणासाठी?” पुरुषांच्या एका तक्रारीसाठी ते औषध प्रसिद्ध आहे, हे मला माहीत होतं. मी दुकानात चार माणसं उभी असताना सांगितलं, “माझ्या आईच्या बोटांसाठी. रक्त पोचत नाही म्हणून.” पुढच्या वेळेपासून तो न विचारता काढून द्यायचा. हे औषध चालू असताना छातीत दुखलं तरी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी द्यायची नाही, हे मी कागदावर लिहून आईच्या पिशवीत ठेवलं. तिला रस्त्यात काही झालं तर लोक आधी तीच गोळी शोधतील.

बोटाचं काय, हा प्रश्न होता. सर्जनने बघितलं आणि सांगितलं, कापायचं नाही. ओलं झालं, वास आला, ताप आला तर लगेच या, नाहीतर कोरडं ठेवा. शरीर स्वतःच रेघ आखेल, इथपर्यंत जिवंत आणि इथून पुढे मेलेलं. मला ते पटेना. काळं बोट घेऊन माणूस घरात वावरतो हे रोज बघायचं कसं? पण त्यांचंच बरोबर निघालं. मधल्या बोटाचं काळं होतं ते वरवरचं निघालं. खपली पडून खाली गुलाबी कातडी आली. घाईने कापलं असतं तर ते जिवंत पेरही गेलं असतं. तर्जनीचं टोक मात्र वाळत गेलं. आधी जांभळं, मग काळं, मग चिंचोक्यासारखं कडक आणि चकचकीत. नखासकट. मार्चमध्ये एका दुपारी आई शेंगा निवडत बसली होती. तिने मला हाक मारून सुपात बघायला सांगितलं. शेंगांच्या टरफलांत ते पडलं होतं, वालाएवढं. रक्त नाही, काही नाही. आईने ते फडक्यात गुंडाळलं आणि परसात पेरूच्या झाडाखाली पुरलं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

केमोचं पुढे काय करायचं, यावर दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. पहिल्यांदाच. तो फोन सप्टेंबरात व्हायला हवा होता आणि तो घडवून आणणं आमच्या हातात होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, स्क्लेरोडर्मा आहे हे कळलं असतं तर वेगळा विचार केला असता, निदान पहिल्या दिवसापासून बोटांवर नजर ठेवली असती. गोळीच्या केमोचा विचार झाला, पण त्या औषधाने तळहात-तळपाय सोलवटतात आणि हृदयाच्या धमन्या आवळण्याचाही धोका असतो. शेवटी उरलेल्या तीन सायकल द्यायच्या नाहीत आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं, असं ठरलं. निर्णय आमच्यावर लादला नाही, विचारून घेतला. मी सही केली तेव्हा हात कापत होता. अर्धं केमो राहिलं, ही टोचणी अजून आहे.

मधल्या काळात एकदा डे-केअरमध्ये रक्त द्यायला गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या हातात बर्फाचे हातमोजे घातलेले होते. तिच्या केमोने नखं आणि नसा खराब होऊ नयेत म्हणून तसं करतात. तिच्यासाठी ते चांगलंच. नवीन सिस्टरने प्रेमाने आईलाही विचारलं, “आजी, तुम्हाला पण देऊ का?” मी जवळजवळ ओरडलेच. मग तिची माफी मागितली आणि आईचे हात उघडून दाखवले. तिने त्याच क्षणी केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं.

मला बाकीच्या घरांना सांगावंसं वाटतं ते एवढंच, की ल्यूपस, स्क्लेरोडर्मा असलं काही घरात कुणाला असेल आणि पुढे केमोची वेळ आली, तर वात म्हणून सांगू नका. जुनी फाइल घेऊन जा. बोटं पांढरी पडतात हे सांगा, हात उघडून दाखवा. प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते तिच्यापुढे लिहा. कुणी ती बंद केली तर परत कधी सुरू करायची ते विचारा. उलटी थांबवायला केमोसोबत स्टिरॉइड देतात. या आजारात जास्त स्टिरॉइडने बीपी अचानक चढून किडनीवर येऊ शकतं, म्हणून आम्हाला घरी बीपीचं यंत्र घ्यायला लावलं होतं. ते आधीपासून असायला हवं होतं. आणि बोटाच्या टोकाचा रंग बदलून तासाभरात परत आला नाही, तर मंगळवारची वाट बघू नका.

मिश्री सोडायला आईला तीन आठवडे लागले. चिडचिड झाली, पोट साफ होईना, एकदा रडलीसुद्धा. बडीशेप चघळत राहिली. फक्त हात नव्हे तर सगळं अंग उबदार ठेवायला हवं, हे आम्ही उशिरा शिकलो. पायमोजे, स्वेटर, कानटोपी सगळं असलं की बोटं आपोआप कमी पांढरी पडतात. फ्रिजमधलं ती फडक्याने काढते. भांडी मी घासते.

भाकरी मात्र तिने सोडलेली नाही. तर्जनी आखूड झाल्यामुळे कडेला दाब कमी पडतो, भाकरी एका बाजूला जाड राहते. तव्यावर टाकताना ती जाड बाजू आधी आचेकडे करते.

पुढचं सीटी स्कॅन चौदा तारखेला आहे. स्कॅनच्या खोलीतही एसी जोरात असतो. हातमोजे आणि गरम पाण्याचा थर्मास मी आत्ताच पिशवीत भरून ठेवलाय, फाइल सगळ्यांत वर.